जसविंदर भल्ला यांना चित्रपटांनी मोठे केले की लहान?

भीमथडी: 22 ऑगस्ट 2025 रोजी मोहालीत पंजाबी विनोदी अभिनेते जसविंदर भल्ला यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेकांनी आठवण काढली ती 'कॅरी ऑन जट्टा'मधल्या अ‍ॅडव्होकेट ढिल्लोंची. माझे मत असे की, भल्लांचे खरे काम त्याच्या कितीतरी आधी, 'छणकाटा' या ध्वनिफितींच्या मालिकेत झाले होते आणि चित्रपटांनी त्यातला फक्त वरचा थर उचलला. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात शिकताना आपले सहाध्यायी बाल मुकुंद शर्मा यांच्यासह रंगमंचावर करमणूक करणाऱ्या भल्लांनी 1988 मध्ये ही मालिका सुरू केली. त्यांचा चाचा चतर सिंग हा गावातला बोलघेवडा म्हातारा पुतण्याशी गप्पा मारता मारता राजकारण, सरकारी कारभार आणि परदेशी गेलेल्यांचा थाट या सगळ्यांची सालटी काढत असे. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात गायक अमरसिंग चमकीला यांची भर दिवसा गोळ्या घालून हत्या झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळी पंजाबात मोकळेपणाने हसवणे किती अवघड होते याची कल्पना येते. चित्रपटातल्या ढिल्लोंना असली कोणतीही जोखीम नव्हती. त्यांच्या वाट्याला आला तो फक्त मुलांवर डाफरणारा बाप.

सतलजकाठ: धागालेखकांचा 'छणकाटा'विषयीचा आदर मान्य आहे, परंतु 'फक्त डाफरणारा बाप' हे वर्णन अन्यायाचे आहे. ढिल्लोंची गंमत रागावण्यात नाही, रागाच्या भरातही त्यांना यमक सुचते यात आहे. घरात बखेडा माजलेला असताना काळ्या कोटातले हे गृहस्थ बोलू लागतात, वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात एखादी अचाट उपमा येते, दुसऱ्या अर्ध्यात ती मुलाच्या अंगाला येऊन चिकटते, आणि एवढे होईपर्यंत भल्लांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. वर्गात कंटाळवाणा धडा समजावून सांगणाऱ्या प्राध्यापकाचा तो निर्विकार सूर आहे आणि तो त्यांना उसना आणावा लागला नाही. प्रत्येक चित्रपटासाठी वेगळे पालुपद ठेवण्याची त्यांची पद्धतही कानाने जगणाऱ्या कलावंताची आहे, म्हणजेच ध्वनिफितींचेच ते संस्कार आहेत. चतर सिंग संपला नाही, त्याने कोट चढवला.

ज्वारीचे_कणीस: एका गोष्टीकडे दोघांचेही लक्ष गेलेले नाही. भल्ला नावापुरते प्राध्यापक नव्हते. त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती आणि 2020 मध्ये ते कृषी विस्तार शिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. विद्यापीठात सिद्ध झालेली गोष्ट शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, त्याला कमीपणा न आणता पटवून देणे हे या विषयाचे काम असते. (आमच्याकडे राहुरीच्या विद्यापीठातही हा विभाग आहे, आणि तिथल्या चांगल्या वक्त्यांना ऐकायला शेतकरी आपणहून बसतात, हे मी पाहिले आहे.) चतर सिंगला गावाची नस सापडली ती इथून. तेव्हा प्रश्न चित्रपट की ध्वनिफीत असा नाहीच. पोटापाण्याची नोकरी सुरक्षित असल्यामुळे त्यांना मिळेल ती भूमिका पत्करण्याची सक्ती नव्हती, तरी त्यांनी तशाच भूमिका वारंवार का केल्या, हे विचारायला हवे.

सतलजकाठ: कारण प्रेक्षकांना त्या हव्या होत्या! 2012 चा 'कॅरी ऑन जट्टा' चालला, त्याचा दुसरा भाग 2018 मध्ये आणि तिसरा 2023 मध्ये आला, आणि तिसऱ्याने तर 100 कोटींचा टप्पा गाठून पंजाबी चित्रपटसृष्टीत इतिहास घडवला. नायक गिप्पी ग्रेवाल असले तरी ढिल्लोंच्या घराशिवाय ही मालिका उभीच राहिली नसती. लोकप्रियतेला दोष देण्याची आपल्याकडे जी सवय आहे, तिचा मला मनस्वी कंटाळा आहे.

भीमथडी: दोष लोकप्रियतेला नाही, तिच्या सावलीत आलेल्या आळसाला आहे. भल्लांची संवादफेक अखेरपर्यंत धारदार राहिली हे मी नाकारत नाही. माझी तक्रार लिहिणाऱ्यांविषयी आहे. चतर सिंगच्या टोमण्यांचा रोख तलाठी, पुढारी आणि परदेशस्थ यांच्यावर असे; चित्रपटांत तो बायको, सासुरवाडी आणि नालायक पोरगा एवढ्यावर येऊन ठेपला. जसपाल भट्टी यांच्या 1999 च्या 'माहौल ठीक है'मध्ये, म्हणजे पोलिसी कारभाराची खिल्ली उडवणाऱ्या चित्रपटात, हेच भल्ला होते. तेव्हा पंजाबी पडद्याला असा उपहास झेपत नव्हता असे कोणी म्हणू नये. ज्वारीचे_कणीस यांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर एकट्या भल्लांकडे मागून चालणार नाही. ज्यांच्या हाती पटकथा होत्या त्यांना पुढचा चतर सिंग लिहिण्याची गरज कधी वाटली नाही, कारण ढिल्लों नुसते खोलीत आले तरी चित्रपटगृहात हशा पिकत होता.