इंग्रजी स्पेलिंग पुन्हा पुन्हा तिथेच चुकतं, लक्षात कसं ठेवायचं?

सुमेधा_व

मंडळी, मुलगी नववीत आहे. इंग्रजी वाचते भरपूर, बोलतेही न अडखळता. लिहायला बसली की मात्र ठरावीक शब्दांवर गाडी अडते: सेपरेट, डेफिनेट, ग्रामर, नेसेसरी, अकॉमोडेट, ऑकरन्स, मेंटेनन्स, प्रिव्हिलेज. वहीत परत परत लिहून काढायला लावलं. चार दिवस टिकतं, मग पुन्हा तीच चूक. मोबाइलवर आपोआप दुरुस्त होतं, पण पेपर हातानेच लिहायचा असतो. घोकंपट्टी सोडून काही मार्ग आहे का? तिला ‘असंच असतं’ हे उत्तर पटत नाही, कारण लागतं.

प्रुफं_तपासणारा

सुमेधाताई, इंग्रजी मजकुराची प्रुफं तपासण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कारण मागणारी मुलगी असेल तर अर्धं काम झालंच आहे.

आधी तिची वही घ्या आणि चुकलेल्या शब्दांत नेमकं चुकलेलं अक्षर तेवढं गोल करा. अख्खा शब्द कधीच चुकत नाही. ‘सेपरेट’मध्ये एस, पी, आर, टी कोणी चुकवत नाही. चुकतो तो पीनंतरचा एकच स्वर, तिथे ए हवा आणि पडतो ई. मग पूर्ण शब्द पन्नासदा गिरवून काय उपयोग? ज्या अक्षरावर लक्ष हवं, त्यावरून हात तसाच पुढे जातो.

तो स्वरच का चुकतो? इंग्रजीत शब्दाच्या एका भागावर जोर असतो आणि बिनजोराचे स्वर पुसट होतात. ए, ई, आय, ओ सगळे कानाला जवळपास सारखेच लागतात. आपण देवनागरीत वाढलेले, ऐकलं तसं लिहायची सवय. पुसट स्वरापाशी ती सवय कामाला येत नाही. म्हणून त्या शब्दाचा असा नातेवाईक शोधायचा, जिथे तोच स्वर खणखणीत ऐकू येतो. ‘ग्रामर’च्या शेवटी ए-आर की ई-आर? ‘ग्रॅमॅटिकल’ म्हणून बघा, ए स्वच्छ ऐकू येतो. ‘डेफिनेट’ हा आपला उच्चारच फसवा आहे, त्याच्या पोटात ‘फायनाइट’ आहे, म्हणून एननंतर आय. ‘कॉम्पिटिशन’मध्ये पीनंतर काय? ‘कम्पीट’ आठवा, ई. ‘सेपरेट’ आणि ‘प्रिपेअर’ एकाच लॅटिन धातूपासून आलेत, दोन्हीकडे पी-ए-आर. ‘प्रिव्हिलेज’मधलं ‘लेज’ हे ‘लीगल’चं सख्खं भावंड, मूळ लॅटिन शब्द कायदा या अर्थाचा. म्हणून एल-ई-जी, मध्ये डी नाही.

न ऐकू येणाऱ्या अक्षरांनाही हीच युक्ती. ‘साइन’मधला जी ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो, ‘कंडेम’चा शेवटचा एन ‘कंडेम्नेशन’मध्ये आणि ‘मसल’चा सी ‘मस्क्युलर’मध्ये. ‘डेट’, म्हणजे कर्ज, यातला बी तर मुद्दाम घातलेला. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे विद्वानांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो आणून बसवला, उच्चार मात्र जुनाच राहिला. डेबिट कार्ड डोळ्यांसमोर आणा, बी विसरणार नाही. ‘आयलंड’मधला एस तर चुकीच्या नात्यातून शिरलाय. ‘आइल’ या वेगळ्या शब्दाशी त्याचा संबंध जोडला गेला आणि तिथला एस इथे येऊन बसला. मला हे प्रकार फार आवडतात, स्पेलिंगच्या आत इतिहास सापडतो.

एक सावधगिरी: नातेवाईक कधी कधी फसवतात. ‘मेंटेन’वरून ‘मेंटेनन्स’ लिहायला गेलं की हमखास टी-ए-आय-एन पडतं. पण तिथे जोर शब्दाच्या सुरुवातीला सरकतो, मधला भाग आखडतो आणि टी-ई-एन उरतं. ‘प्रोनाउन्स’चं ‘प्रनन्सिएशन’ होतानाही ओ गळतो. तिथे उच्चार नीट केला की स्पेलिंग आपोआप सुधारतं. बरेच जण ‘प्रोनाउन्सिएशन’ म्हणतात, म्हणून तसंच लिहितात.

रेवा७

दादा, स्वरांचं पटलं. पण डबल अक्षरांचं काय? अकॉमोडेटमध्ये दोन सी, दोन एम. रेकमेंडमध्ये एकच सी. माझा गोंधळ कायम तिथेच.

प्रुफं_तपासणारा

रेवाताई, शाळेत व्यंजनसंधी शिकलोय ना? सत् अधिक जन, सज्जन. उत् अधिक लास, उल्लास. लॅटिनमध्येही अगदी हेच होतं. ‘अ‍ॅड’ हा उपसर्ग सीपुढे आला की त्याच्या डीचा सी होतो. अ‍ॅड, मग कॉम, मग मोड. ‘कॉम’चा एम आणि ‘मोड’चा एम समोरासमोर, म्हणून दोन एम. डीचा झालेला सी आणि ‘कॉम’चा सी, म्हणून दोन सी. ‘रेकमेंड’मध्ये पुढे ‘री’ आहे, तिथे संधी व्हायला व्यंजनच नाही, म्हणून सी एकच. ‘कमेंड’चे दोन एम तसेच राहतात.

एकदा ही नजर आली की बाकीचे आपोआप उलगडतात. ‘इन’ आणि ‘लीगल’चं इल्लीगल, दोन एल. ‘इन’ आणि ‘रेग्युलर’चं इर्रेग्युलर, दोन आर. ‘डिस’ आणि ‘अपिअर’ जोडताना एस एकच, कारण पुढे स्वर आहे. ‘डिस’ आणि ‘सॅटिस्फाइड’ जोडले की एस दोन. खुद्द ‘मिसस्पेल’ या शब्दातही एस दोन आहेत, एक ‘मिस’चा आणि एक ‘स्पेल’चा.

‘नेसेसरी’साठी ‘प्रोसेस’ आठवा. तिथला सी-ई-एस-एस हा तुकडा जसाच्या तसा इथे आहे. सी एक, एस दोन.

ओंकार_लिहितो

ऑकरन्स राहिलं. त्यात डबल सी संधीमुळे (मूळचा उपसर्ग ‘ऑब’), पण डबल आर वेगळ्या नियमाने येतो. शब्दाच्या शेवटी एक स्वर आणि एक व्यंजन असेल, जोर शेवटच्या भागावर असेल आणि प्रत्यय स्वराने सुरू होत असेल, तर व्यंजन दुप्पट. ‘ऑकर’ म्हणताना जोर शेवटी, म्हणून ‘ऑकर्ड’, ‘ऑकरन्स’ दोन्हींत दोन आर. ‘ऑफर’मध्ये जोर सुरुवातीला, म्हणून ‘ऑफर्ड’मध्ये एकच आर. सगळ्यात सुंदर उदाहरण ‘रेफर’चं: ‘रेफर्ड’मध्ये दोन आर, पण ‘रेफरन्स’मध्ये जोर सुरुवातीला सरकतो आणि आर एकच उरतो. एलचं मात्र ब्रिटिश पद्धतीत वेगळं आहे. ‘ट्रॅव्हलर’मध्ये जोर सुरुवातीला असूनही ते दोन एल लिहितात, अमेरिकन पद्धतीत एकच. कुठलीही एकच पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

सुमेधा_व

तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. आज अक्षरं गोल करायला बसलो. खरंच, जवळजवळ प्रत्येक चूक एकाच अक्षराची निघाली. सज्जनचं उदाहरण तर तिने लगेच उचललं. दोन प्रश्न उरलेत. ‘एम्बॅरस’मध्ये दोन आर आणि ‘हॅरस’मध्ये एक, याला काही कारण? आणि प्रोसीड, प्रिसीड, सुपरसीड हे तिन्ही वेगळे का लिहायचे?

प्रुफं_तपासणारा

एम्बॅरस आणि हॅरस दोन्ही फ्रेंचमधून आले, पण एकमेकांचे कोणी नाहीत. इथे नवव्या वर्गातल्या मुलीला पटेल असं कारण माझ्याकडे नाही, सरळ पाठ करायचं. एस दोन्हीकडे दोन, फरक फक्त आरचा. एखादं खुणेचं वाक्य तिचं तिलाच बनवू द्या. दुसऱ्याने दिलेल्या वाक्यापेक्षा स्वतः रचलेलं जास्त टिकतं.

सीड्सचं सोपं आहे. सी-डबल-ई-डी असलेले नेहमीचे शब्द तीनच: एक्सीड, प्रोसीड, सक्सीड. एस-ई-डी-ई असलेला एकच, सुपरसीड, कारण त्याचं मूळ ‘बसणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसणं. बाकीचे सगळे, म्हणजे प्रिसीड, रिसीड, कन्सीड, इंटरसीड, सी-ई-डी-ई. फक्त ‘प्रोसीजर’ लिहिताना प्रोसीडमधला एक ई गळतो, तेवढं तिला वेगळं दाखवा.