मदत हवी आहे : विस्मरण सुरू झालेल्या शेजाऱ्यांना ज्येष्ठांच्या संकुलातच ठेवता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी तळेगाव दाभाड्याजवळच्या एका ज्येष्ठ नागरिक संकुलात राहते. प्रश्न शेजारच्या नानांचा आहे, पण उद्या तो आमच्यापैकी कुणाचाही होऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे सुटे फ्लॅट आहेत, दोन्ही वेळचं जेवण सामायिक भोजनगृहात असतं, ठरलेल्या वारी डॉक्टर येतात. येताना परतीच्या बोलीवर अनामत भरायची, महिन्याचा आकार वेगळा. करार दरवर्षी नवा होतो. त्यात एक कलम आहे, राहणारी व्यक्ती 'स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करू शकणारी' असावी. सह्या करताना आपण धडधाकट असतो, त्या ओळीवर कुणी थांबत नाही.

नाना अठ्ठ्याहत्तरचे. सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात झाली. गेल्या दिवाळीपासून विस्मरण वाढत गेलंय. पहाटे पाचला शर्ट खोचून, खिशाला पेन लावून गेटवर येतात आणि कंपनीची बस गेली का विचारतात. आमचा वॉचमन फार समजूतदार. "बस आज उशिरा आहे नाना, तोवर चहा घ्या," म्हणत थर्मासमधला अर्धा कप पुढे करतो आणि तेवढ्यात वहिनींना, म्हणजे नानांच्या पत्नीला, फोन लावतो. चहा संपेपर्यंत बसचा विषय निघून गेलेला असतो. "अहो, तुम्ही कधीच रिटायर झालात," असं कुणी समजवायला गेलं की मात्र नाना चिडतात, एकदा तर हात उगारला. बाकी दिवस बरा जातो. भजनाला पेटीवर बसतात, बोटं अजून चुकत नाहीत. दिवेलागणीला पुन्हा येरझाऱ्या सुरू.

मध्यंतरी रात्रपाळीला बदली माणूस होता, तेव्हा नाना गेटबाहेर पडले आणि हायवेच्या अलीकडे सापडले. लगेच व्यवस्थापनाचं मुलीला पत्र गेलं: चोवीस तासांचा माणूस ठेवा, नाहीतर महिनाअखेरीस दोघांची दुसरीकडे सोय करा. मुलगी बंगळुरूला. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोने महिन्याचे तीस हजार सांगितले. नानांची पेन्शन ईपीएसची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या कर्मचारी पेन्शन योजनेची. ती किती तुटपुंजी असेल हे कारखान्यात नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

व्यवस्थापनाची भीती मला खोटी वाटत नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदारी त्यांच्यावर येईल. पण नानांना आज सवयीची खोली, सवयीची माणसं, भोजनगृहाकडे जाणारी तीच वाट, यांचाच आधार आहे. तो एका झटक्यात काढून घेतला तर गोंधळ वाढणार. आणि वहिनींचं काय? त्यांना काही झालेलं नाही, त्यांच्या मैत्रिणी इथे आहेत, त्यांनी कुठे जायचं?

भोजनगृहातही कुरबुर आहे. नाना शेजारच्या ताटात हात घालतात, अशी दोघा-तिघांची तक्रार होती. वहिनींनी घरची गडद निळी थाळी आणली, त्यात पांढरा भात उठून दिसतो. एकदम सगळं न वाढता एकेक पदार्थ वाढतो आणि त्यांना आम्हा दोघींच्या मध्ये बसवतो. तेव्हापासून तक्रार जवळजवळ बंद आहे. एवढ्याशा गोष्टीने इतका फरक पडतो, तर नीट माहिती असलेल्यांकडून आणखी कितीतरी शिकता येईल, असं वाटतं.

तुमच्या किंवा आईवडिलांच्या संकुलात असं कुणी असेल तर तिथे काय करतात? गेटवर काय काळजी घेतात? आणि करारातल्या त्या एका कलमावर बोट ठेवून महिन्याभरात जागा सोडायला सांगता येतं का? असा करार प्रत्यक्ष हाताळलेल्या वकिलांनी कृपया लिहावं.

भर : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. विस्मरण म्हणजे प्रत्येक वेळी अल्झायमर नव्हे, आधी व्हिटॅमिन बी-१२, थायरॉइड, सोडियम, लघवीचा संसर्ग आणि ऐकू येणं तपासा, हा सल्ला मोलाचा ठरला. बी-१२ खरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू आहेत. मूळ आजारही आहेच, असं डॉक्टरांचं मत आहे.

१४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर वहिनींनी फोन केला, शांतपणे ऐकून घेतलं. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा काहींनी सुचवला, पण त्याचा मुख्य भर मुलांनी आणि वारसांनी सांभाळ करण्यावर आहे. इथे मुलगी करतेच आहे. महारेराचे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचे, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठीचे २०२४ चे नियमही वाचले. रुंद दरवाजे, उतार, आधाराच्या दांड्या, न घसरणाऱ्या फरश्या हे सगळं त्यात आहे, पण आमचा प्रश्न माणसांच्या मदतीचा आहे.

एक कल्पना पुढे आली आहे. संकुलात अशी आणखी तीन घरं आहेत. चौघांनी मिळून दिवसपाळीला एक आणि रात्रपाळीला एक मदतनीस ठेवायचा आणि राहायची खोली व्यवस्थापनाने द्यायची. पुढच्या आठवड्यात बैठक आहे. कुणाकडे अशी सामायिक व्यवस्था चालू असेल तर खर्च कसा वाटून घेतला, मदतनीस सुट्टीवर गेला की काय करता आणि लेखी काय काय ठरवून घेतलं, ते बैठकीआधी कळवाल का?