केदारकंठा: बाबांना घेऊन जायचंय, उंचीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या वाळपईची. येत्या डिसेंबरात बाबांना घेऊन उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जायचं मनात आहे. बाबांनी साठी ओलांडली, पण आमच्याकडच्या वाघेरी डोंगराच्या चढावर अजून आमच्या पुढे असतात. रक्तदाबाची रोजची एक गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. बर्फ त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. तो दाखवायची माझीच इच्छा जास्त आहे.

धास्ती आहे उंचीची. माथा ३,८१० मीटर. गोव्यातला सगळ्यात उंच सोसोगड डोंगरसुद्धा चढाई जिथून सुरू होते त्या सांकरी गावाच्या उंचीला पोचत नाही, तेव्हा इथं कितीही घाम गाळला तरी विरळ हवेची सवय होणार नाही. आयोजकांचा कार्यक्रम बहुतेक असा: सांकरी (साधारण १,९५० मीटर), तिथून एका दिवसात जुडा का तालाब हा तलाव (२,७७० च्या आसपास), दुसऱ्या दिवशी ३,४०० च्या आसपासचा तळ आणि त्याच रात्री उठून माथा. बाबांसाठी ही मला घाई वाटते. एक मुक्काम वाढवायचा तर कुठे? आणि रक्तदाबाची गोळी चालू असताना उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी कुणी घेतली आहे का? आमच्या डॉक्टरांना विचारणारच आहे, तरी जाऊन आलेल्यांकडून ऐकायचंय.

प्रतिसाद (डिचोलीकर):

ताई, जादा मुक्काम जुडा तलावापाशीच ठेवा. सांकरी उंचीला जवळपास मसुरीएवढं, तिथं थांबून शरीराला विशेष सवय होत नाही. त्या दिवशी तळाच्या वाटेनं थोडं वर चढा आणि झोपायला खाली या. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात.

डायमॉक्सनं लघवी वाढते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाढते. म्हणून बाबांच्या गोळीचं नाव आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तीही डॉक्टरांना सांगा. दुसऱ्याच्या अनुभवावर गोळी ठरवू नका. डोकं दुखून तोल जायला लागला, तर रात्र असो की पहाट, लगेच खाली उतरायचं.

मायक्रोस्पाइक (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे काटे), गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर घालायचं आवरण) सांकरीत भाड्यानं मिळतात. बूट मात्र आत्ताच घ्या आणि वाघेरीवर वापरून मऊ करा. आयोजकाला आधीच सांगून माथ्याच्या दिवशी बाबांसाठी वेगळा वाटाड्या ठेवा, म्हणजे त्यांना मध्येच परतावंसं वाटलं तर गटासाठी थांबावं लागणार नाही.