मत बदललं म्हणून गाणी बदलतात, की गाण्यांमुळे मत बदलतं?

रानजाई
'गाण्यांनी व्हिएतनामचं युद्ध थांबवलं' हे वाक्य परवा पुन्हा ऐकलं. मला ते अजिबात पटत नाही. तारखा बघा. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ऑगस्ट १९६८ मध्येच निम्म्याहून जास्त अमेरिकन 'सैन्य पाठवणं ही चूक झाली' म्हणत होते. एडविन स्टारचं युद्धविरोधी 'वॉर' अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं १९७० मध्ये. लोकांचं मत आधीच फिरलेलं होतं, गाण्याने फक्त त्याला ठेका दिला. बाजार असतो हो तो, खपेल ते गातात.

जुना ट्रान्झिस्टर
असहमत. सोयीचं गाणं उचललंत. बॅरी मॅग्वायरचं 'ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन', तेही युद्धविरोधीच, १९६५ च्या सप्टेंबरात पहिल्या क्रमांकावर आलं, तेव्हा बहुसंख्य लोक युद्धाच्या बाजूचे होते. कित्येक रेडिओ स्टेशनं ते वाजवायलाही तयार नव्हती. गाण्याने रातोरात मतं फिरतात असं मी म्हणत नाही. पण सगळं घर एका बाजूला असताना ज्याला मनातून युद्ध नको वाटतं, त्याला कळतं की असं वाटणारे आणखीही आहेत. तिथून तो बोलायला लागतो.

रानजाई
आणि सहाच महिन्यांनी, मार्च १९६६ मध्ये पहिल्या क्रमांकावर काय होतं? 'बॅलड ऑफ द ग्रीन बेरेट्स'. सैनिकांचं गुणगान, तेही पाच आठवडे! मग त्या श्रोत्यांचं मत नक्की कोणतं समजायचं?

तिसरी घंटा
दोन्ही! लोक एका वेळी दोन्ही गुणगुणू शकतात, त्यात नवल काय?
पहिल्या महायुद्धातही हेच झालं. १९१५ मध्ये अमेरिकेत 'मी माझा मुलगा सैनिक व्हायला वाढवला नाही' म्हणणाऱ्या आईचं गाणं धडाक्यात खपत होतं. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि लढायला चला म्हणणारं जॉर्ज कोहनचं 'ओव्हर देअर' सगळ्यांच्या तोंडी बसलं. मधल्या दोन वर्षांत काही आयांची माया आटली नव्हती. सरकारचा निर्णय झाला, तसं जाहीरपणे काय गायचं तेही बदललं.

ओवी
तुम्ही सगळे युद्ध चालू असतानाचंच बोलताय. 'ऐ मेरे वतन के लोगों' लताबाईंनी दिल्लीत गायलं २७ जानेवारी १९६३ ला. चीनबरोबरची लढाई नोव्हेंबरातच थांबली होती. त्या गाण्याने कुणाला लढायला पाठवलं नाही, कुणाला थांबवलंही नाही. पण १९६२ म्हटलं की आजही आधी डोळ्यांपुढे येतात ते जवान. तयारी का नव्हती, कुणाचं चुकलं, हे प्रश्न मागून येतात, आले तर. रडू येतं मलाही, म्हणूनच सांगतेय. युद्ध आठवायचं कसं, हे गाणं ठरवतं.

रानजाई
आठवणीचा मुद्दा मान्य. तो माझ्या डोक्यातच आला नव्हता.

जुना ट्रान्झिस्टर
मग एवढं सांगा. गाण्यांत दम नसतो, तर १९९१ च्या आखाती युद्धात बीबीसीने ६७ गाणी टाळायची यादी का काढली? लेननचं शांततेचं गाणं 'इमॅजिन' होतं त्यात.

रानजाई
त्यात आब्बा या पॉप बँडचं 'वॉटर्लू'पण होतं, नाव लढाईचं पण गाणं प्रेमाचं. ते ऐकून कोणता रणगाडा मागे फिरला असता?