शब्दचर्चा : ‘बफर’, ‘जावक’ आणि ‘पोच’

दांडियाबाजारकर :
समांतर प्रोग्रॅमिंगची मराठी टिपणे तयार करताना दोन ठिकाणी अडलो आहे. एमपीआयचे (मेसेज पासिंग इंटरफेस, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांनी एकमेकींना संदेश पाठवण्याची ठरलेली पद्धत) पहिले प्रमाणक १९९४ साली आले, तेव्हापासून त्यात संदेश पाठवण्याच्या चार रीती आहेत : साधी, बफरवाली, समकालिक आणि तत्पर. यातल्या ‘बफर’साठी शासकीय मराठीतला ‘राखीव साठा’ घ्यावा का? आणि सेंड हे संदेश पाठवणारे फंक्शन परतले, म्हणजे प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर गेला, की ‘संदेश पाठवला गेला’ असे लिहिणे योग्य ठरेल का?

रावपुरेकर :
‘राखीव साठा’ घेऊ नये. तो टंचाईच्या वेळी काढण्यासाठी बाजूला ठेवलेला असतो. इथली जागा संदेश पुढे जाईपर्यंत तात्पुरता ठेवण्यासाठी असते. ‘बफर’ हाच शब्द राहू द्यावा, मात्र तो एकटा वापरू नये, कारण एमपीआयच्या संदर्भात तो निदान तीन निरनिराळ्या जागांना लावला जातो. एक म्हणजे प्रोग्रॅमची स्वतःची अ‍ॅरे, जिचा पत्ता आपण सेंडला देतो. दुसरी, बफरवाल्या सेंडसाठी प्रोग्रॅमने मुद्दाम जोडून दिलेली जागा. आणि तिसरी, एमपीआयच्या लायब्ररीने (ही फंक्शने पुरवणाऱ्या तयार संचाने) स्वतःच्या कामासाठी आत राखलेली, जिच्या आकाराबद्दल प्रोग्रॅमने काहीच गृहीत धरू नये. मी अनुक्रमे ‘प्रेषण-बफर’, ‘जोडबफर’ आणि ‘अंतर्गत बफर’ असे लिहीन. बडोदा संस्थानाने १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ प्रसिद्ध केला, त्यात एकेका इंग्रजी संज्ञेसमोर अनेक भाषांतले पर्याय मांडलेले आहेत. आपल्या टिपणांतही एका शब्दासमोर असे तीन अर्थ एकदाच मांडून ठेवले, तर पुढचा गोंधळ वाचेल.

सयाजीगंजवाली :
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे. साधे सेंड परतले याचा अर्थ इतकाच की प्रेषण-बफर मोकळा झाला, त्यात आता नवी मूल्ये लिहिली तरी गेलेला संदेश बिघडणार नाही. संदेश पलीकडे पोचला, असा अर्थ त्यातून निघत नाही. आपल्या कचेऱ्यांत यासाठी चांगले शब्द आहेत. पत्राला जावक क्रमांक पडला की ते आपल्या टेबलावरून हलले. समोरच्याला मिळाले हे मात्र पोच आल्यावरच कळते. म्हणून ‘पाठवला गेला’ऐवजी ‘बफर मोकळा झाला’ असे लिहावे आणि समकालिक सेंडसाठी ‘पोच’ राखून ठेवावी.

हा भेद पाळला नाही तर विद्यार्थी नेमका कुठे फसतो, तेही टिपणात यावे. दोन प्रक्रिया आधी एकमेकींना सेंड करतात आणि मग रिसीव्ह करतात, असा प्रोग्रॅम लहान संदेशांवर सुरळीत चालतो, कारण बहुतेक लायब्रऱ्या लहान संदेश लगेच पुढे ढकलून पलीकडच्या अंतर्गत बफरमध्ये ठेवतात. संदेश ठरावीक मर्यादेपलीकडे मोठा झाला की लायब्ररी समोरच्याच्या रिसीव्हची वाट पाहते, आणि मग दोघी एकमेकींसाठी खोळंबून राहतात. ही मर्यादा लायब्ररीनुसार आणि जाळ्यानुसार बदलते, त्यामुळे एका यंत्रावर बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडकतो.

रावपुरेकर :
‘जावक’ मान्य, जरी गुजरातीच्या शेजारामुळे आमच्या घरी ‘आवक’ म्हटले की आधी मिळकतच आठवते. ‘पोच’ मात्र मला मान्य नाही. समकालिक सेंड पूर्ण होते तेव्हा समोरच्या प्रक्रियेने जुळणारे रिसीव्ह सुरू केलेले असते. तिने सगळा मजकूर घेतला, याची हमी तेव्हाही नसते. ‘पोच’ म्हटले की वाचक संपूर्ण प्राप्ती समजेल. ‘स्वीकार सुरू झाला’ हे लांब आहे, पण खरे आहे.

सयाजीगंजवाली :
हरकत रास्त आहे. मग ‘पोच’ हा शब्द प्रोग्रॅमरने स्वतः उलट पाठवलेल्या उत्तरासाठीच ठेवू या.

दांडियाबाजारकर :
आणि जोडबफरच्या बाबतीत ‘अटॅच’ व ‘डिटॅच’ यांना ‘जोडणे’ आणि ‘काढणे’ म्हणावे का?

रावपुरेकर :
‘जोडणे’ ठीक आहे. ‘काढणे’ फसवे आहे. डिटॅच तत्काळ परतत नाही, जोडबफरमधले सर्व संदेश मार्गी लागेपर्यंत ते थांबते. ‘सोडवून घेणे’ म्हटल्यास आधी काहीतरी उरकायचे आहे, ही छटा येते. जोडबफरचा आकार ठरवताना प्रत्येक संदेशाच्या मजकुराबरोबर एमपीआयने ठरवून दिलेला वरखर्चही (जादा जागा) दर संदेशामागे धरावा लागतो. जागा अपुरी पडली तर बफरवाले सेंड वाट पाहत बसत नाही, ती थेट चूक ठरते. शिवाय फंक्शनच्या आत घोषित केलेली स्थानिक अ‍ॅरे जोडली आणि सोडवून न घेताच फंक्शनमधून बाहेर पडले, तर संदेश कुठल्या तरी परक्या स्मृतीतून जाऊ लागतात, आणि हा दोष शोधणे फार जिकिरीचे असते. पूर्वी एका प्रक्रियेला एका वेळी एकच जोडबफर मिळत असे. २०२३ च्या ४.१ आवृत्तीपासून प्रत्येक कम्युनिकेटरला (आपसांत संदेश देणाऱ्या प्रक्रियांच्या गटाला) वेगळा जोडता येतो, त्यामुळे टिपणात ‘प्रक्रियेचा जोडबफर’ की ‘कम्युनिकेटरचा जोडबफर’, हेही दर वेळी लिहावे लागेल.