भिंतीवर चिठ्ठ्या लावून डाय बदलत नाही

पाना१७:
'कल्पकता हवी तर मशीन बंद करा, टीमला हॉलमध्ये बसवा, रंगीत चिठ्ठ्या चिकटवा.' इथलाच परवाचा सल्ला. डोकं उठलं! प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग काढणाऱ्या कारखान्याचा, धंदा बुडतो प्रेसवरची डाय (पत्रा कापायचा साचा) बदलण्यात जाणाऱ्या दोन तासांत. ते हॉलमधून दिसतात का? १९५० साली हिरोशिमाच्या तोयो कोग्योत (आजची माझदा) जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो ८०० टनी प्रेसपाशी उभे होते. डाय बदलायची, तर एक बोल्ट गायब. कामगार तासाभराने उगवला, शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट कापून, आटे पाडून. प्रेस तोवर गप्प. प्रेस थांबल्यावरच होणारी कामं वेगळी आणि चालू असताना उरकता येणारी वेगळी, हे शिंगोंना तिथे उमगलं.

कोरी_पाटी:
म्हणजे कल्पकताच की! हरवलेला बोल्ट सगळ्यांनाच दिसला होता. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसची डाय बदलायचे ४ तास ९० मिनिटांवर आले, ते निरीक्षणाने. पुढे ३ मिनिटं झाली, कारण वरच्या साहेबांकडून अशक्य आकडा आला.

पाना१७:
बरं, आकड्याचं श्रेय घ्या. पण हॉल कुठून आला? १९५८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात कल्पना सुचवायला चौघांना एकत्र बसवून पाहिलं आणि चौघांना वेगवेगळं. एकेकट्यांच्या याद्या जोडल्या, तर कल्पना त्यांच्याच जास्त.

शटहाइट:
येल राहू द्या हो. रोग डायांच्या उंचीत आहे. एक २२०, दुसरी २४५, मग दर वेळी रॅम (प्रेसचा वरून दाबणारा भाग) वर-खाली. छोटीच्या तळाला २५ मिमीची प्लेट वेल्ड करा, प्रश्न मिटला.

पाना१७:
वेल्ड??? शू (डायची तळाची प्लेट) बीडाचा असेल तर तडा, माइल्ड स्टीलचा असेल तर वाकणार. २ मिमी पत्र्याला पंच (वरून कापणारा भाग) आणि डायमधली एका बाजूची गॅप जेमतेम ०.१ मिमी. तळ फुगला की गॅप एकीकडे सरकते, बर (कडेला धारदार खरखर) येते, कधी पंचची धारच उडते. प्लेट दोन्ही बाजूंनी सरफेस ग्राइंड करायची, अ‍ॅलन बोल्टने आवळायची, डोकी आत बुडवायची. असल्या जुगाडाला कल्पकता म्हणणाऱ्यांमुळेच टूलरूम (डाय दुरुस्त करणारा विभाग) रात्रपाळीला बसते!

शटहाइट:
आवाज कमी, गुरुजी. वेल्ड मागे घेतला. पण तुमच्या ग्राइंड केलेल्या प्लेटला स्लग, म्हणजे कापलेले तुकडे, खाली पडायला भोक कुठाय? तुकडे आत साचले की पंच मोडतो, नाहीतर डाय फुटते. आणि उंची सारखी करून डायची क्लॅम्प (पकड) बसायची कड वर-खाली ठेवलीत, तर पॅकिंग शोधत फिरणं आलंच. क्लॅम्पच्या मागच्या टाचेखालचा ठोकळा कडेपेक्षा किंचित उंच, बोल्ट डायच्या बाजूला. उलटं केलंत तर सगळा जोर ठोकळ्यावर, डाय सैलच.

कोरी_पाटी:
तिघं मिळून डोकं लढवतोय ना आपण? चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या.

पाना१७:
प्रत्येक जण आपापल्या जागी बसून लिहितोय, येलवाल्यांसारखा. भोक मान्य. स्लगपेक्षा २-३ मिमी मोठं ठेवा, आणि बोल्स्टरचं (डाय बसते त्या प्रेसच्या जाड प्लेटचं) भोक त्याच्या खालीच येतंय का तेही बघा.