नातवंडं आणि त्यांचे मित्र आठ दिवस शेतावर येतायत, तयारी काय काय करू?

बांधावरची_आजी (२४ मार्च)

नमस्कार मंडळी. आमचं शेत भोरच्या अलीकडं, अडीच एकर, विहीर आहे, दोन म्हशी, एक गाय आणि जुनं कौलारू घर, आम्ही दोघंच असतो इथं. दर मे महिन्यात मुलीची दोन्ही पोरं येतात पण यंदा त्यांनी पुण्यातल्या सोसायटीतल्या मित्रमैत्रिणींना पण कबूल करून टाकलंय, म्हणजे एकूण नऊ पोरं, सगळ्यात लहान सात वर्षांचा आणि मोठी बारा वर्षांची. ६ मे ते १३ मे ठरलंय. मला खूप हौस आहे आणि ह्यांनी तर आत्ताच चिंचेला झोपाळा बांधून ठेवलाय.

पण काळजी वाटते ती वाटतेच. आपलं नातवंड पडलं तर हळद दाबून पुढं जाता येतं, लोकांच्या पोरांचं तसं नाही. विहिरीत उतरवू का नको? आमच्या तिन्ही पोरांना ह्यांनी पाठीला सुका भोपळा बांधून ह्याच विहिरीत पोहायला शिकवलंय, पण तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं. मुलगी म्हणते आई नीट वेळापत्रक कर, सकाळी योगा मग क्राफ्ट मग गोष्टी, तासातासाचं, नाहीतर बोअर होतील, मला ते काही पटत नाहीये पण तिला उलटं सांगायला माझ्याकडं दुसरं काही तयारही नाही. शिवाय संडास एकच आहे. आणि आईबाप पैसे विचारतायत, ते घ्यायचे का? ज्यांनी असं केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

काजूची_बी (२४ मार्च)

आजी, आम्ही रत्नागिरीजवळ सहा वर्षं करतोय हे, पोरं आठ ते बारा असतात. वेळापत्रक अजिबात करू नका, त्यापेक्षा घरात जे काम खरंच व्हायला हवंय ते द्या. पोरांना लगेच कळतं की हे काम आपल्याला गुंतवायला काढलंय का खरंच अडलंय. आमच्याकडे आंब्याची आढी पोरांच्या ताब्यात असते, सकाळी उठलं की पेंढा बाजूला करायचा, पिकलेले वेगळे काढायचे, डाग लागलेले लगेच बाहेर, नाहीतर शेजारचे नासतात. पहिल्या दिवशी दाबून दाबून बघतात आणि आंबे खराब करतात, तिसऱ्या दिवसापासून नुसत्या वासावर सांगतात. आठ वर्षांच्या मुलीने माझी चूक दाखवलीय गेल्या वर्षी.

तुमच्याकडे घाटावर पेरणीच्या आधीची कामं असतील ना, बियाणं निवडणं, शेंगा फोडणं, शेणखत पांगवणं. सोयाबीन घरचंच पेरत असाल तर उगवण बघायचं काम पोरांना द्याच. १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सात-आठ दिवसांनी मोजायचं. ७० च्या वर चांगले कोंब आले तर बियाणं पेरायला ठीक, कमी आले तर एकरी जास्त टाकावं लागतं. तुमचे आठच दिवस आहेत, पहिल्या दिवशी घातलं की शेवटच्या दिवशी निकाल.

तालुक्याचा_डॉक्टर (२५ मार्च)

मी ग्रामीण रुग्णालयात आहे म्हणून जरा लांब लिहितो. साप विंचवापेक्षा मला विहिरीची भीती जास्त वाटते, मे महिन्यात बुडालेली मुलं येतात आमच्याकडे आणि बहुतेक वेळा सोबतच्या मोठ्या माणसाचं फक्त दोन मिनिटं लक्ष नसतं. उतरवायचंच असेल तर मापाची लाइफ जॅकेट घ्या, भोपळा नको, एका वेळी दोनच पोरं, पट्टीचा पोहणारा एक माणूस पाण्यात आणि एक काठावर, काठावरच्याने फोन घरी ठेवायचा. मोटर नुसती बंद नाही, स्टार्टरच्या आधीचा मेन स्विच खाली ओढलेला पाहिजे. आणि ज्यांच्या आईबापांनी स्पष्ट हो म्हटलेलं नाही ती पोरं काठावर पण नकोत.

साप: जमिनीवर अंथरूण नको. मण्यार रात्री फिरतो, झोपेत चावतो आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही, सकाळी पोटात दुखतंय, डोळे उघडत नाहीत असं मूल घेऊन येतात. खाट किंवा पलंग, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली, रात्री लघवीला जाताना बॅटरी आणि चप्पल. सरपणाच्या ढिगात, कडब्याच्या गंजीत हात घालायचा नाही. चावलाच तर करकचून बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही, मांत्रिक तर नाहीच, हात पाय हलू न देता उचलून गाडीत घालायचं आणि दवाखाना गाठायचा, गाडी नसेल तर १०८. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चारही विषारी सापांवर एकच लस चालते, पण ती तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात आज शिल्लक आहे का हे आधी स्वतः जाऊन विचारून या. विंचवासाठी पण तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी वापरात आणल्यापासून लाल विंचवाने दगावण्याचं प्रमाण खूप खाली आलं, पण मूल वेळेत पोचलं तर.

ओआरएसची पाकिटं आणून ठेवा. नसली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी, दमा, फिट असं काही आहे का ते आईबापांकडून कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.

मे_मधला_नागपूरकर (२५ मार्च)

आमच्याकडे तर ४५ जाते पारा, त्या दिवसात कुणी पोरं बाहेर काढतच नाही, आम्ही दिवाळीतच नेतो शेतावर. तुमच्याकडे तेवढं नसेल पण अकरा ते चार पोरं सावलीतच पाहिजे, कांदा खिशात वगैरे ठीक आहे पण पाणी प्यायला लावा, पोरं खेळात विसरून जातात.

सातवीतल्या_मुलीची_आई (२६ मार्च)

माझी लेक दोन वर्षांपूर्वी अशीच मैत्रिणीच्या आजोळी गेली होती म्हणून आईच्या बाजूने लिहिते. बारा वर्षांची मुलगी आहे तर सॅनिटरी पॅड घरात आणून ठेवा आणि ते कुठे ठेवलेत ते तिला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगा. माझ्या लेकीची पाळी पहिल्यांदा तिथेच आली, त्या आजींनी इतक्या शांतपणे सांभाळलं की मी त्यांना आजही विसरले नाही.

घरची आठवण दुसऱ्या रात्री येते, पहिल्या नाही. पहिल्या रात्री नवलाई असते. रडणाऱ्याला लगेच व्हिडिओ कॉल लावून देऊ नका, आईचं तोंड बघून अजून रडू फुटतं, शेजारी घेऊन झोपा आणि सकाळी बोलू द्या. आम्हाला रोज रात्री एक फोटो आणि दोन ओळी आल्या की आम्ही पण गप्प बसतो. आणि आजी, लहान पोरांजवळ रात्री तुम्ही स्वतः झोपा, हे काम दुसऱ्या कुणावर सोपवू नका.

जिरायती (२६ मार्च)

पैसे घ्या की, आठ दिवस नऊ पोरांचं दूध, किराणा, गॅस, त्यात मदतीला बाई लावावी लागणार. संकोच कशाला, ते लोक शहरात शिबिराला हजारो भरतातच.

काजूची_बी (२६ मार्च)

जिरायती, मला नाही पटत. पैसे घेतले की ते गिऱ्हाईक होतात, मग भाजी का ही आणि पंखा का नाही. आम्ही शिधा मागतो. कुणी पाच किलो तांदूळ, कुणी तूरडाळ, कुणी गूळ, पोराने स्वतः उचलून आणायचा. मदतीच्या बाईंचे पैसे मात्र सगळ्या आईबापांनी मिळून थेट त्यांच्या हातात द्यायचे. आणि वस्तीवरची पोरं पण घ्या बरोबर, नाहीतर शहरातली पोरं आपल्यातच कोंडाळं करून बसतात.

बांधावरची_आजी (१६ मे)

सगळ्यांचे मनापासून आभार, परवाच पोरं गेली, घर एकदम सुनं झालंय म्हणून लिहायला बसले.

शिधाच घेतला. विहिरीत फक्त चार पोरं उतरली, जॅकेट घालून, हे पाण्यात आणि पुतण्या काठावर. दोन आयांनी नाही सांगितलं होतं, त्यांची पोरं हिरमुसली पण तेवढा वेळ मी त्यांना म्हशी धुवायला घेऊन गेले. संडासाला सकाळी नंबर लागायचे, मग ह्यांनी मागं ताडपत्री लावून एक जास्तीची न्हाणी केली. दुसऱ्या रात्री सात वर्षांचा खरंच रडला, ताई तुमचं अगदी बरोबर निघालं.

वस्तीवरची तीन पोरं रोज यायची. त्यातल्या एकानं पावशा ओरडायला लागल्यावर तो 'पेरते व्हा' म्हणतो हे सांगितलं, मग दिवसभर सगळे तेच ओरडत फिरत होते. १२ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमाराला आमच्याकडं सावली पायाखाली जाते, अंगणात उभी काठी रोवली होती, तिची सावली आक्रसत आक्रसत नाहीशीच झाली तेव्हा सगळी पोरं एकदम गप्प झाली, मीसुद्धा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लक्ष देऊन बघितलं. वेळापत्रकाचं नावही कुणी काढलं नाही.

गोणपाट शेवटच्या दिवशी उघडलं. मुलगी न्यायला आली होती, तिच्यासमोरच मोजणी झाली. शहरातल्या पोरांनी ७९ मोजले, वस्तीवरचा म्हणाला ७८, कारण एकाला कोंब आहे पण टोक काळं पडलंय, तो जमिनीतून वर यायचा नाही. बराच वाद झाला, मग ह्यांना बोलावलं. ह्यांनी दाणा तळहातावर घेऊन उन्हात धरला आणि ७८ म्हणाले. वहीत तेच लिहिलंय, पेरणीला आता एकरी वेगळं वाढवावं लागणार नाही.